स्मृतिदिनाची सायकलफेरी : उत्तर गडचिरोलीतलं एक प्रकरण

गडचिरोली जिल्ह्याच्या उत्तर भागातलं एक तालुक्याचं गाव. तिथल्या सायकल चालवणाऱ्यांच्या एका गटाने ठरवलं, की तालुक्यातले जे पोलीस कर्तव्यावर असताना मरण पावले त्यांच्या स्मरणार्थ फेरी काढायची आणि तिच्यातून त्यांच्या कुटुंबांसाठी निधी उभा करायचा. गटात दोन शिक्षक, एक कृषी केंद्रवाले, ग्रामीण रुग्णालयातली एक परिचारिका, एक वनरक्षक आणि पोलीस भरतीची तयारी करणारी बरीच पोरं. हिशेब आणि परवानग्या बघायला मी त्यात होते. गावाचं नाव आणि माणसांची नावं मुद्दाम दिलेली नाहीत. या विषयात इकडे सगळे एकमेकांना ओळखतात.

माझं मत आधीच सांगून टाकते. मान द्यायची यादी आणि मदत द्यायची यादी एकच आहे असं धरून सुरुवात झाली, आणि सगळं तिथेच अडलं. त्या दोन याद्या वेगळ्या केल्यावरच काम पुढे सरकलं.

कल्पना आणि तारीख

कल्पना मोबाइलवर आलेल्या एका व्हिडिओतून निघाली. अमेरिकेत न्यू जर्सी राज्यातल्या फ्लोरहॅम पार्क गावचे पोलीस अधिकारी पॅट्रिक मॉन्टुओरे यांनी १९९७ मध्ये 'पोलीस युनिटी टूर' सुरू केली. पहिल्या वर्षी १८ जण सायकलवर वॉशिंग्टनच्या राष्ट्रीय पोलीस स्मारकापर्यंत गेले. आज तिथे अनेक राज्यांतून मोठ्या संख्येने स्वार येतात, पैसे स्मारकाच्या कामाला जातात. प्रत्येक स्वाराच्या मनगटावर एका मृत अधिकाऱ्याच्या नावाचं कडं असतं आणि पुष्कळदा ते कडं शेवटी त्याच्या कुटुंबाच्या हाती दिलं जातं. आमच्या पोरांना ही कड्याची गोष्ट भारी आवडली. तिकडचे स्वार बहुतेक स्वतः पोलीस असतात आणि भाग घेण्याआधी प्रत्येकाला ठरावीक रक्कम जमवून आणावी लागते, ही बाजू व्हिडिओत नव्हती. आमच्याकडे निघणार होते ते शिक्षक, परिचारिका आणि पोलीस व्हायची इच्छा असलेली पोरं.

तारखेबद्दल कोणाला शंका नव्हती. २१ ऑक्टोबर, पोलीस स्मृतिदिन. १९५९ मध्ये याच दिवशी लडाखमधल्या हॉट स्प्रिंग्ज भागात चिनी सैनिकांनी गस्तीवरच्या भारतीय पोलिसांवर हल्ला केला आणि दहा जण मारले गेले. तेव्हापासून देशभर पोलीस मुख्यालयांत या दिवशी मानवंदना होते, वर्षभरात कर्तव्यावर गेलेल्यांची नावं वाचली जातात. दिल्लीत चाणक्यपुरीला राष्ट्रीय पोलीस स्मारक झालं, त्याचं उद्घाटनही २०१८ च्या २१ ऑक्टोबरलाच झालं.

फेरीचा आराखडा घेऊन आम्ही पहिल्या घरी गेलो तेव्हा त्या ताईंनी तो नीट ऐकून घेतला आणि म्हणाल्या, "त्या दिवशी आमी सकाळीच गडचिरोलीले परेडले जातो जी. तुमी कोनाच्या घरी येनार?"

बैठकांमध्ये बॅनरच्या रंगावर बोलणं झालं होतं. कुटुंबं त्या दिवशी कुठे असतात हे कोणी विचारलं नव्हतं. फेरी आधीच्या रविवारी नेली. गटातल्या एका शिक्षकाला हे फार लागलं. "स्मृतिदिनाला नाही तर मग स्मृतिदिनाची फेरी कशी?" त्यांचं म्हणणं चूक नव्हतं. पण परेड सरकारची आहे आणि ती चुकवता येत नाही. रविवार आपला आहे.

पैसा

आधी ठरलं ते किलोमीटरमागे पैसे. तुम्ही साठ किलोमीटर चालवा, मी किलोमीटरला पाच रुपये देतो. परदेशात हा हिशेब रुळलेला आहे. आमच्या बाजारपेठेत तो कोणाच्या पचनी पडला नाही. कापडाच्या दुकानातले काका मला म्हणाले, "मॅडम, पैसे मांगा, देतो. पन तुमी पोचले तं जास्त आन् पंक्चर झाले तं कमी, हे काय लफडं आहे?" इकडे माणूस वर्गणी देतो. गणपतीला देतो, शंकरपटाला म्हणजे बैलांच्या शर्यतीला देतो, कोणाच्या पोरीच्या लग्नाला देतो. देताना तो मागणाऱ्याचं तोंड बघतो, त्याची मेहनत मोजत नाही. किलोमीटरचा हिशेब पहिल्याच आठवड्यात सोडला.

मग प्रश्न आला मागणाऱ्याच्या तोंडाचा. काहींच्या मनात होतं की ठाणेदारांना प्रमुख आश्रयदाते करावं, पावतीवर पोलीस ठाण्याचं नाव यावं, म्हणजे पैसे झटकन जमतील. झटकन जमले असते, यात मला शंका नाही. खाकी दिसली की रेतीचा ट्रॅक्टरवाला, बारवाला, अवैध प्रवासी वाहतूक करणारा काळी-पिवळीवाला, सगळे पैसे देतात. त्या पैशाला देणगी म्हणायची माझी तयारी नव्हती. सुदैवाने ठाणेदारसाहेबांनीच नकार दिला. सरकारी नोकराला वर्गणी गोळा करायची असेल तर महाराष्ट्र नागरी सेवा (वर्तणूक) नियम, १९७९ प्रमाणे आधी मंजुरी लागते, आणि ती मागायची त्यांची इच्छा नव्हती. ते म्हणाले, "मी सायकल चालवायला येतो, सुट्टी मिळाली तर. पावतीवर नको."

दुसरी परवानगी धर्मादाय कार्यालयाची. नोंदणी नसलेल्या गटाने लोकांकडून धर्मादाय कामासाठी पैसे गोळा करायचे तर महाराष्ट्र सार्वजनिक विश्वस्तव्यवस्था अधिनियम, १९५० च्या कलम ४१क खाली जावं लागतं. गणपती मंडळं दरवर्षी घेतात तीच ही परवानगी, त्यामुळे गावात तिची ओळख होती. तरी आम्ही शेवटी दुसरा मार्ग धरला. आधीपासून नोंदणी असलेल्या एका संस्थेच्या खात्यात पैसे, तिच्याच पावत्या, आणि या निधीची वेगळी खतावणी. कारण सरळ होतं. फेरी एका दिवसाची, पण निधीचा हिशेब पुढे चार-पाच वर्षं कोणीतरी सांभाळायचा होता, आणि भरतीला बसलेल्या पोरांपैकी कोण कुठे असेल ते देवाला ठाऊक.

रोख रक्कम घेऊन पहिले आले ते एक रेतीवाले. वैनगंगेच्या घाटावर त्यांचं काम चालतं आणि त्या कामावर महसूलची आणि पोलिसांची नजर असते, हे गावाला माहीत. रक्कम मोठी होती. फलकावर नाव नको, पावती नको, असं ते आपणहून म्हणाले. गटात दोन तट पडले. कृषी केंद्रवाल्यांचं म्हणणं, पैशाला वास नसतो, लेकराची फी भरली जाते ना. परिचारिकेने एकच विचारलं, उद्या त्यांचा ट्रॅक्टर पकडला गेला तर ते कोणाला फोन करतील? पैसे परत गेले. रेतीवाले रागावले नाहीत, केळी पाठवली. केळी घेतली.

शेतकऱ्यांकडे ऑक्टोबरात रोकड नसते, हेही शहरातून येणाऱ्याला कळत नाही. त्या वेळी हलकं म्हणजे लवकर येणारं धान कापणीला आलेलं असतं, उशिरा येणारं भारी धान अजून उभं असतं. आदिवासी विकास महामंडळाच्या आधारभूत खरेदी केंद्रावर धान जातं आणि पैसे खात्यात यायला पुढचं वर्ष उजाडतं. "पायली-दोन पायली धान नेता का?" असं तीन गावांत विचारलं गेलं. नेलं असतं तर साठवायचं कुठे, हा प्रश्न. नाही म्हटलं तर त्यांचा मान जातो. यावर तोड एका गावच्या मंडळाने काढली. दिवाळीनंतर झाडीपट्टीच्या, म्हणजे आमच्या पूर्व विदर्भातल्या धानपट्ट्याच्या, नाटकांचा हंगाम सुरू होतो. वडशाची नाटक कंपनी ठरवायची, मंडप घालायचा, तिकिटं लावायची, खर्च जाऊन उरेल ते मंडळाच्या कामाला, ही पद्धत इथे लहान पोरालाही ठाऊक आहे. त्या मंडळाने एका रात्रीच्या नाटकाची उरलेली रक्कम या निधीला दिली. सायकलवर कोणी कितीही घाम गाळला तरी तेवढे पैसे फेरीतून आले नसते. माझ्या दृष्टीने या प्रकरणातली सगळ्यात उपयोगाची गोष्ट हीच : फेरीने निधी उभा करू नये. निधी गावाच्या सवयीच्या वाटेने येऊ द्यावा आणि फेरीला फेरी राहू द्यावी.

टी-शर्टचा विषय दोन वाक्यांत. दरपत्रक आलं तेव्हा जमलेल्या पैशातला मोठा वाटा छातीवरच्या छपाईला जाणार असं दिसलं. टी-शर्ट रद्द झाले, पोरं आठवडाभर नाराज होती.

कोणाचं नाव

कड्याऐवजी प्रत्येक सायकलच्या हँडलला एका नावाची पट्टी लावायची, एवढं ठरलं होतं. पट्ट्या लिहायला बसल्यावर खरी चर्चा सुरू झाली.

पहिल्या यादीत फक्त नक्षली हल्ल्यांत गेलेले होते. या जिल्ह्यात ते साहजिक आहे. २००९ या एका वर्षात मरकेगावला १५, हत्तीगोट्याला १६ आणि लाहेरीला १७ पोलीस मारले गेले; हत्तीगोट्याच्या १६ जणांत पाच महिला होत्या. २०१९ च्या महाराष्ट्र दिनी कुरखेडा तालुक्यात जांभुळखेड्याजवळ सुरुंगाच्या स्फोटात १५ पोलीस गेले आणि त्यांच्यासोबत त्या खासगी गाडीचा चालकही गेला. नक्षलविरोधी सी-६० पथक १९९० मध्ये उभं राहिलं ते याच जिल्ह्यातल्या, गोंडी-माडिया बोलणाऱ्या, जंगल माहीत असलेल्या पोरांमधून. म्हणजे इथे गेलेला पोलीस बहुधा इथल्याच कोणाचा तरी मुलगा, भाऊ, जावई असतो.

परिचारिकेने विचारलं, त्या चालकाचं नाव घ्यायचं का? तो पोलीस नव्हता. तो आपल्या तालुक्यातला असता तर? कोणीच नाही म्हणालं नाही. आणि तेवढ्यात दार उघडलं. मग यादीत बंदोबस्तावरून परतताना गाडी पलटून गेलेला शिपाई आला. दुर्गम पोलीस मदत केंद्रावर असताना मलेरियाने गेलेला आला. कोरोनाच्या काळात नाक्यावर उभं राहून आजारी पडलेला हवालदार आला. निवडणूक बंदोबस्तात छातीत कळ येऊन गेलेला होमगार्ड आला. होमगार्ड तर मानसेवी. काम केलं त्या दिवसाचा भत्ता.

बैठकीला एक निवृत्त हवालदार होते. त्यांना हे पटेना. "गोळी खाऊन गेलेला आन् गाडी पलटून गेलेला, दोघं एकाच रांगेत?" त्यांच्या रागामागे त्यांचे स्वतःचे गेलेले सोबती होते, तो नुसता हट्ट नव्हता. मलेरियाने गेलेल्या शिपायाचे वडील पुढच्या बैठकीला स्वतःहून आले. ते म्हणाले, "त्याले कोनी निवडाले लावलं होतं का जी, कशानं मराचं ते?" निवृत्त हवालदार त्या दिवशी काही बोलले नाहीत, पण फेरीला आले नाहीत. हा गटाचा तोटाच होता आणि तो भरून निघाला असं मी म्हणणार नाही.

इथे मला माझा मुद्दा स्पष्ट दिसला. नक्षली कारवाईत गेलेल्याच्या कुटुंबाला सरकारकडून मिळणारी मदत जास्त भरीव असते, वारसाच्या नोकरीकडे लक्ष दिलं जातं, दरवर्षी कोणीतरी अधिकारी घरी येतो. पुरेसं असतं असं नाही. पण आजाराने गेलेला शिपाई, होमगार्ड किंवा पोलीस पाटील यांच्या घरी कोणी येत नाही आणि पैसाही कमी येतो. म्हणजे ज्याचं नाव चौकातल्या फलकावर आहे त्याच्यापेक्षा ज्याचं नाव कुठेच नाही त्याच्या घरात फीची अडचण मोठी. निधी फलकावरच्या नावांनाच वाटला असता तर तो कमी गरजेच्या घरी गेला असता. आणि गरज बघून मान दिला असता तर तो मान कसला, ती दया झाली असती.

म्हणून दोन याद्या झाल्या. पट्टीवर त्या सगळ्यांची नावं, ज्यांच्या घरच्यांनी होकार दिला. हुद्दा आणि गाव लिहायचं, मृत्यूचं कारण लिहायचं नाही. निधीची यादी वेगळी, जाहीर न करता, तीन जणांनी ठरवायची : शाळेचे मुख्याध्यापक, एक आशाताई, आणि खातं ज्या संस्थेचं तिचा एक माणूस. पोलीस खात्यातलं आणि मृतांच्या नात्यातलं कोणी त्यात नाही. रोख कोणालाच नाही. शाळा, वसतिगृह, नर्सिंगची फी थेट भरायची. त्या यादीत सगळ्यात वर होमगार्डचं घर आलं.

एका नावावर मात्र निर्णय झाला नाही. त्या जवानाने स्वतःच जीव दिला होता. त्याच्या आईने होकार दिला होता, मोठ्या भावाने नाही. पट्टी लिहिली गेली नाही. मला ते पटलेलं नाही. माझ्या मते आईचं ऐकायला हवं होतं.

दार कोणाचं

शिपाई गेला की घर दोन होतात, हे इथे नेहमीचं. सून लेकरांना घेऊन गडचिरोलीला किंवा वडशाला खोली करते, कारण शाळा तिथे आहे आणि अनुकंपाची नोकरी मिळाली तर तीही तिथेच. म्हातारा-म्हातारी गावात. पैसे कायद्याने सुनेच्या खात्यात, पोराचा हार घातलेला फोटो गावातल्या भिंतीवर. यात कोणी वाईट नसतं, पण बोलणं बंद झालेलं असतं. एका घरी सासऱ्यांनी स्पष्ट सांगितलं, "घरी या, चहा घ्या. पैसे नोका आनू. पैसे आले का आमच्यात पुन्हा बोलनं निंगते."

फेरी आई-वडिलांच्या दारी थांबेल, असं ठरलं. सुनांना आधी फोन करून सांगितलं. दोघी त्या दिवशी लेकरांना घेऊन गावी आल्या, बाकीच्या आल्या नाहीत. शाल-श्रीफळ, मंडप, भाषण नाही. एका सरपंचांनी तरी शाल आणलीच, ती म्हातारीने घडी करून सायकल चालवत आलेल्या पोरीच्या खांद्यावर ठेवली.

रस्ता

ठाणेदारांनी दोनच गोष्टी मागितल्या. मार्ग आणि वेळ आधी कुठेही टाकायची नाही. आणि बंदोबस्त मागायचा नाही. गेलेल्या पोलिसांसाठी फेरी काढायची आणि तिच्यासाठी रविवारी पोलीस रस्त्यावर उभे करायचे, हे त्यांना विचित्र वाटत होतं, मलाही. म्हणून आतल्या वाटा सोडल्या, मोठ्या रस्त्यालगतची गावं घेतली. तिथे धान आणि खनिजाच्या ट्रकांची भीती नक्षल्यांपेक्षा जास्त, हे चालवणाऱ्या कोणालाही विचारा.

वनरक्षकाने आणखी एक अट घातली : उजाडल्याशिवाय निघायचं नाही आणि एकट्याने पुढे पळायचं नाही. गडचिरोली, चंद्रपूर आणि भंडारा जिल्ह्यांत १३ जणांचे बळी घेतलेला सीटी-१ वाघ २०२२ च्या ऑक्टोबरातच वडसा वनक्षेत्रात पकडला होता, आणि वाकून बसलेला किंवा एकटा माणूस वाघाला कसा दिसतो हे वनरक्षकाने पोरांना करून दाखवलं. नागपूरहून आलेल्या गिअरच्या सायकलवाल्यांना घोळक्याने चालवणं जड गेलं. कारण घोळक्याचा वेग ठरवत होत्या मानव विकास कार्यक्रमातून मिळालेल्या सायकलींवरच्या आठवी-नववीच्या मुली.

घोषणांवर सगळ्यात कमी चर्चा झाली आणि सगळ्यात जास्त व्हायला हवी होती. या भागात माओवादी २८ जुलै ते ३ ऑगस्ट त्यांचा शहीद सप्ताह पाळत आले. त्यांनी गावाबाहेर स्मारकं बांधायची आणि पोलिसांनी ती पाडायची, हे लोकांनी वर्षानुवर्षं बघितलं. वाटेतल्या दोन गावांत पोलिसांचा खबरी म्हणून मारलेल्यांची घरं होती, आणि एका गावात दलममध्ये, म्हणजे माओवाद्यांच्या सशस्त्र तुकडीत, गेलेल्या पोरीचं. 'अमर रहे'चा आवाज तिथे कोणाच्या कानावर कसा पडेल हे आमच्यापैकी कोणालाही सांगता आलं नसतं. घोषणा बंद ठेवल्या. एका बाईने पाणी देताना विचारलं, "आमचाही गेला, पोलिसात नोहता. त्याची पट्टी कोनी लावते का?" परिचारिकेने नाव विचारून वहीत लिहून घेतलं. वही माझ्याकडे आहे.

त्या रविवारी

हिरवी झेंडी दाखवायला येणाऱ्या नेत्यांची वाट बघण्यात तासभर गेला आणि ऑक्टोबरचं ऊन डोक्यावर आलं. नावं नोंदवलेल्यांपैकी साधारण दोन तृतीयांश आले. पाच घरं ठरली होती, चार झाली. पाचव्याला कुलूप होतं, शेजारी म्हणाले धान कापायला गेले. त्याची पट्टी दाराच्या कडीला बांधायची की नाही यावर तिथेच वाद झाला. बांधली नाही. विचारल्याशिवाय काही मागे ठेवायचं नाही, असं ठरलं होतं.

चहाला प्रत्येक घरी अर्धा तास लागला. आराखड्यात दहा मिनिटं धरली होती. म्हाताऱ्यांना मुलाबद्दल बोलायचं होतं, पण मृत्यूबद्दल कोणी बोललं नाही. भरतीच्या वेळी तो किती धावायचा, पहिल्या पगारातून काय आणलं, हे बोलले. भरतीची तयारी करणारी पोरं ते कान देऊन ऐकत होती. एकाने निघताना आजोबांना विचारलं, ते कोणत्या मैदानावर सराव करायचे. आजोबांनी मैदान सांगितलं आणि तिथली माती कशी आहे तेही सांगितलं.

आत्ता कुठे आहे

होमगार्डच्या मुलीची नर्सिंगची पहिल्या वर्षाची फी आणि दोन मुलांचा वसतिगृहाचा खर्च गेला. नाटकाचे पैसे आले नसते तर दुसरा खर्च जमला नसता. नागपूरवाल्यांना पुढच्या वेळी शंभर किलोमीटर हवे आहेत. त्यांनी वेगळ्या दिवशी वेगळ्या रस्त्याने चालवावं आणि पैसे याच खात्यात टाकावे, असं त्यांना कळवलं आहे, उत्तर आलेलं नाही. निवृत्त हवालदारांकडे शिक्षक जाऊन आले. फेरीला येतो म्हणाले नाहीत, पण जुन्या सोबत्यांच्या गावांची नावं त्यांनी लिहून दिली, त्यात अपघातात गेलेलाही एक आहे. वहीतल्या त्या बाईच्या नावाचं काय करायचं, आणि ज्या आईचं ऐकलं नाही तिला काय सांगायचं, हे दोन विषय पुढच्या बैठकीला आहेत. बैठक धानाचे पैसे खात्यात आल्यावर होईल, त्याआधी कोणी येत नाही.